रानकांदा : ओळख व संगोपन

इंदापूर तालुक्यांतील डाळज हें गांव भीमेच्या खोऱ्यांत, पुणें-सोलापूर रस्त्यावर आहे. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाकांठीं आज ऊस डोलतो; परंतु पाण्यापासून दूरचा मुलूख पर्जन्यछायेचा व मुरमाड माळांचाच आहे. महाराष्ट्रांतील अशा कोरड्या माळांवर व डोंगरउतारांवर एक कांदा आपोआप उगवतो. त्याची ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस करून द्यावी, म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहों.

यास रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात. शास्त्रज्ञ त्यास ड्रिमिया इंडिका म्हणतात. जुन्या ग्रंथांत अर्जिनिया इंडिका असें नांव आढळतें. नांवांत कांदा असला, तरी तो आपल्या भाकरीबरोबरच्या कांद्याचा सोयरा नव्हे. त्याची गणना शतावरीच्या कुळांत होते.

दोहोंतील भेद नीट ध्यानांत धरावा. घरच्या कांद्याची पात नळीसारखी पोकळ असते. रानकांद्याचीं पानें चपटीं व पट्टीसारखीं असतात. घरच्या कांद्याच्या दांड्यावर फुलांचा गोल गेंद येतो. रानकांद्याचीं फिकट तपकिरी फुलें उंच दांड्यावर दूर दूर लोंबतात. घरचा कांदा चिरतांच त्याचा वास दरवळतो. रानकांद्यास तो वास नसतो. शिवाय, उन्हाळ्यांत पान नसतांना याचा दांडा जमिनींतून वर येतो आणि पानें मागाहून पावसाबरोबर फुटतात.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. रानकांद्यांतील कडू द्रव्यें हृदयाच्या गतीवर परिणाम करितात. म्हणूनच तो औषधांत वापरला गेला, व म्हणूनच तो विषारीहि आहे. भूमध्य समुद्राकांठच्या त्याच्या भाऊबंदांपैकीं तांबड्या जातीचा उपयोग उंदीर मारण्यासाठीं होत असे. रानकांदा पोटांत गेल्यास वांत्या व जुलाब होतात, नाडी बिघडते, आणि प्राणावरहि बेततें. शिजविल्यानें तो निर्धोक होतो असें मुळींच समजूं नये. कोणी चुकून खाल्ल्यास घरगुती उपाय करीत न बसतां त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें व झाडाचा तुकडा बरोबर न्यावा.

मग तो लावावा तरी कां? माळ नांगरले जात आहेत आणि औषधासाठीं कंद खणून नेले जातात. कंद खणला कीं पुढचें बींहि गेलें. यास्तव डोंगरावरील कंद उपटूं नये. वाळलेल्या बोंडांतील काळें, चपटें बीं थोडें आणावें.

तळास भोंक असलेल्या कुंडींत मुरूम, वाळू व थोडें कुजलेलें खत घालावें. पावसाच्या आरंभीं ताजें बीं वरवर पेरून पातळ माती पसरावी. कुंडी उन्हांत ठेवावी व पावसानें ओढ दिली तरच पाणी द्यावें. पानें हिरवीं असतांना कापूं नयेत. कंदाचें अन्न तींच तयार करितात. पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी बंद करावें. कंद मेला असें समजून पुष्कळजण याच वेळीं पाणी ओततात, आणि तो कुजतो. वास्तविक तो निजलेला असतो. बियांपासून फूल यावयास कांहीं वर्षें लागतात, धीर धरावा.

चिकानें अंगास खाज सुटते, म्हणून काम झाल्यावर हात साबणानें धुवावे. कुंडीवर 'विषारी' अशी चिठ्ठी लावावी, ती लहान मुलांपासून व गुराढोरांपासून दूर ठेवावी, आणि कंद स्वयंपाकघरांत कदापि आणूं नये.

विद्यार्थिमित्रहो, पान केव्हां फुटलें, केव्हां सुकलें, दांडा केव्हां आला, याची वहींत तारीखवार नोंद ठेवा. पाऊस थोडा, ऊन फार, अशा जमिनींत एखादा जीव आपली शिदोरी मातीखालीं सांठवून कसा तग धरितो, हें त्या नोंदींतून तुम्हांस समजेल. आणि दिसण्यांत सारखें तें गुणांत सारखें असतेंच असें नाहीं, हेंहि ध्यानांत राहील.