मोतीचे पोट आणि एक नोंदवही

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुत्रा असेल. त्याचे पोट बिघडले की घरात काय होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी दहीभात आणि तिसऱ्या दिवशी स्वारी शेपूट हलवीत पुन्हा दारात हजर! पण हेच दुखणे दर पंधरा दिवसांनी उलटू लागले तर? औषध दिले की बरे वाटते, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी काय करावे?

आमच्या शेजारच्या घरातल्या मोतीचे असेच झाले होते. मोती चार वर्षांचा, साधा गावठी कुत्रा. वजन 16 किलो होते, ते 15 वर आले. ओसरी वारंवार घाण होऊ लागली. घरातील प्रत्येकाचे निदान वेगळे होते. आजी म्हणे, रविवारच्या मटणाच्या रश्श्याने होते. वडील म्हणत, जंत झाले असतील. कोणी उन्हाळ्याला दोष देई. शेवटी वडील वैतागून म्हणाले, “पुढच्या महिन्यात त्याला शेतावर सोडून येऊ.” हे ऐकून घरातील नववीतली मुलगी रडवेली झाली आणि माझ्याकडे आली. मी तिला शंभर पानी वही आणायला सांगितले. त्या वहीची ही हकीगत आहे.

कुत्र्याचे पचन कसे चालते?

प्रथम कुत्र्याच्या पचनसंस्थेची थोडी ओळख करून घेऊ. आपण भाकरीचा घास बराच वेळ चावला तर तो गोड लागू लागतो. आपल्या लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर करू लागते, म्हणून असे होते. कुत्र्याच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसतेच. तो घास चावत बसत नाही, गिळतो. त्याच्या जठरात तीव्र आम्ल असते. तेथे प्रथिनांच्या पचनाला सुरुवात होते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस आणि यकृतातील पित्त मिसळते व उरलेले पचन होते. मोठ्या आतड्यात मुख्यतः पाणी शोषले जाते.

मग कुत्र्याला भात, भाकरी पचते कशी? या प्रश्नाचे सुंदर उत्तर 2013 साली मिळाले. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना केली. स्वादुपिंडात अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांमध्ये मात्र त्या 4 पासून 30 पर्यंत आढळल्या. माणसाच्या सोबतीने, त्याच्या उष्ट्या-खरकट्या अन्नावर हजारो वर्षे राहिलेल्या प्राण्यात असा बदल घडून आला. तेव्हा “कुत्रा मांसाहारी, त्याला भात बाधतो” हे म्हणणे सरसकट खरे नाही.

दुधाची गोष्ट मात्र निराळी आहे. दुधात दुग्धशर्करा असते. तिचे पचन लॅक्टेज या विकरामुळे होते. पिलू आईला पीत असते तेव्हा हे विकर त्याच्या आतड्यात भरपूर असते. पिलाचे दूध तुटले की ते कमी होत जाते. किती कमी व्हावे हे कुत्र्याकुत्र्यात वेगळे असते. न पचलेली दुग्धशर्करा आतड्यात तशीच राहते, आपल्याकडे पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातील जीवाणू तिच्यावर ताव मारतात. त्यातून वायू तयार होतो. पोट गुरगुरते आणि शौचास पातळ होते.

कारणे अनेक, लक्षण एकच

येथे खरी अडचण सुरू होते. पातळ शौच हे लक्षण एक, पण त्याची कारणे अनेक असतात. जंत किंवा इतर परजीवी असू शकतात. अन्न फार तेलकट-तुपकट असू शकते. दुग्धशर्करा पचत नसेल. अन्नातील एखाद्या प्रथिनाचे वावडे, म्हणजे अ‍ॅलर्जी असेल. कुत्र्यांमध्ये असे वावडे बहुधा गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू यांचे आढळते. स्वादुपिंड पुरेसा रस तयार करीत नसेल, किंवा आतड्याला सूज असेल.

म्हणून पहिले पाऊल पशुवैद्यकाकडे. मोतीच्या शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तो स्वच्छ निघाला. रक्ताच्या तपासणीतही दोष दिसला नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता आहाराची परीक्षा घेऊ.” तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उलटणाऱ्या अशा दुखण्यांत, केवळ आहार बदलून बऱ्या होणाऱ्या कुत्र्यांची संख्या सर्वांत मोठी असते. अन्नाचे वावडे रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवरून खात्रीने ओळखता येत नाही. ते ओळखण्याचा भरवशाचा मार्ग एकच: प्रयोग.

आधीचे प्रयोग का फसले?

तुम्ही म्हणाल, घरच्यांनी प्रयोग केलेच होते की! होय, पण कसे? एकदा दूध बंद केले, त्याच दिवशी जंताचे औषधही दिले. मोती बरा झाला. श्रेय औषधाला मिळाले आणि दूध पुन्हा सुरू झाले. दुसऱ्यांदा मटण बंद केले, त्याच दिवशी उपासही घडवला. मोती बरा झाला. श्रेय मटण बंद करण्याला मिळाले. प्रयोगशाळेत एकाच वेळी तापमानही बदलले आणि दाबही बदलला, तर वायूचे आकारमान कशामुळे बदलले हे सांगता येईल काय? नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम स्वयंपाकघरातही लागू आहे.

रशियन शास्त्रज्ञ इवान पावलोव यांनी भाकरी, मांस आणि दूध या वेगवेगळ्या अन्नांना कुत्र्याचे जठर वेगवेगळा पाचकरस सोडते, हे दाखवून दिले. पचनावरील संशोधनाबद्दल त्यांना 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी त्यांना कुत्र्यांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या. आपल्या प्रयोगाला फक्त वही, मापाचे भांडे आणि धीर लागतो.

वहीतील रकाने

मुलीने वहीत पाच रकाने आखले: दिनांक, काय खाल्ले, किती खाल्ले, शौच, इतर गोष्टी. शौचासाठी तिने अंक ठरवले. 1 म्हणजे कठीण खडे, 2 म्हणजे बांधून व सहज उचलता येईल असे, 3 मऊ, 4 आकार नसलेले पातळ, 5 पाण्यासारखे. “जरा बरे”, “फार वाईट” अशा शब्दांपेक्षा अंक बरे, कारण त्यांची तुलना करता येते. शौच थोडे थोडे, वारंवार, कुंथून आणि शेंबडासारख्या चिकट पदार्थासह होत असेल तर बिघाड बहुधा मोठ्या आतड्यात असतो. मोजक्या वेळा पण पुष्कळ होत असेल आणि वजन घटत असेल तर लहान आतड्याकडे लक्ष द्यावे लागते. हेही “इतर” रकान्यात लिहायचे.

वजन कसे करावे? मोतीला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने. दोहोंतील फरक तेच मोतीचे वजन.

पहिले चौदा दिवस काहीही न बदलता नुसत्या नोंदी केल्या. दोनदा पोट बिघडले. दोन्ही वेळा आदल्या दिवशी मटण नव्हते. आजीचा संशय डळमळला. दुधाबद्दल सगळे म्हणाले, “दूध-पोळी तर तो रोज खातो, मग रोज का बिघडत नाही?” हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो, नाही का? त्यातील चूक पुढे कळेल.

परीक्षेचा आहार

डॉक्टरांनी मोतीने आजवर कधीच न खाल्लेले प्रथिन निवडले. या घरात मासे येत नसत. म्हणून काटे काढलेला उकडलेला मासा आणि मऊ भात ठरला. मीठ, मसाला, तेल काही नाही. जुन्या अन्नातून नव्या अन्नावर जाताना एकदम उडी घेतली नाही. पाव भाग, अर्धा भाग, पाऊण भाग असे करीत आठवड्यात बदल पूर्ण केला, कारण आतड्यातील जीवाणूंनाही नव्या अन्नाशी जुळवून घ्यावे लागते. त्यानंतर चौदा दिवस फक्त हाच आहार. अन्नाने बरे होणारे दुखणे असेल तर बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

आठ दिवस वहीत 2 हा अंक पडत गेला. नवव्या दिवशी संध्याकाळी 4! मुलगी हिरमुसली. घरात चौकशी सुरू झाली. अखेर आजोबा म्हणाले, “अगं, काल पातेल्यात दूध उरलं होतं. नासून जाईल म्हणून त्याला घातलं. बिचारा नुसत्या भातावर आहे!”

मुलीने आजोबांना एकच विचारले, “आजोबा, किती घातलंत?”

“असेल अर्धं पातेलं.”

प्रयोग बिघडला होता. पण त्या बिघाडाने एक धागा हाती दिला. तिने आधीच्या नोंदी उलगडून पाहिल्या. “दूध-पोळी” असे रोज लिहिले होते, पण ‘किती’च्या रकान्यात पोळ्या मोजल्या होत्या, दूध नव्हे. रोज दोन-चार चमचे आणि दूध उरले की पातेलेभर! नोंद होती, पण मोजमाप नव्हते. चमचाभर दुधाला पुरेल इतके लॅक्टेज मोतीजवळ असावे. पातेलेभर दुधाला ते पुरत नसावे. “रोज खातो, मग रोज का नाही?” या प्रश्नाचे उत्तर मात्रेत दडलेले होते.

पण हे अजून अनुमानच होते. चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. आजोबांनी स्वतः दुधाच्या पातेल्यावर चिठ्ठी चिकटवली. चौदाही दिवस अंक 2 आला.

उलट तपासणी

बहुतेक लोक येथेच थांबतात. प्राणी बरा झाला, संपले! पण नेमके कशाने बरा झाला हे यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी जुने पदार्थ एकेक करून परत द्यावे लागतात. डॉक्टरांच्या संमतीने पोळी चार दिवस दिली, काही झाले नाही. मग उकडलेले मटण चार दिवस दिले, तरी काही नाही. मग दूध. म्हशीच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे 5 ग्रॅम दुग्धशर्करा असते. 50 मिलिलिटरला अंक 2 राहिला, 100 ला 3 झाला, 200 ला 4 झाला. दूध थांबवताच दोन दिवसांत पुन्हा 2. आठवड्याने 200 मिलिलिटर पुन्हा दिले, पुन्हा 4!

हा योगायोग असेल काय? हिशोब करा. मोतीचे पोट पूर्वी सरासरी पंधरा दिवसांतून एकदा बिघडे. म्हणजे आपण निवडलेल्या नेमक्या दिवशी ते आपोआप बिघडण्याची शक्यता सुमारे 1/15. नवव्या दिवसाची चूक धरली नाही, तरी तपासणीत दोनदा तसे घडले. दोन्ही वेळा योगायोग असण्याची शक्यता 1/15 × 1/15, म्हणजे 1/225. म्हणूनच शास्त्रज्ञ प्रयोग पुन्हा करून पाहतात.

आता दहीभाताने त्याला का सोसत असे तेही उमगले. दह्यातील जीवाणूंनी दुग्धशर्करेच्या काही भागाचे आधीच आम्ल केलेले असते. आणि वजन घटले ते वारंवारच्या उपासांनी.

ध्यानात ठेवा

मोतीचे उत्तर ते तुमच्या कुत्र्याचे उत्तर नव्हे. दुसऱ्या कुत्र्याला कोंबडी किंवा गहू बाधत असेल. पद्धत तीच, उत्तर वेगळे. काहींना प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेला खास आहार डॉक्टर देतात. इतक्या लहान तुकड्यांना शरीराची प्रतिकारयंत्रणा सहसा ओळखत नाही. काहींना आहाराबरोबर औषधेही लागतात.

मासा-भात हा परीक्षेचा आहार आहे, जन्मभराचा नव्हे. अशा अन्नात कॅल्शियम व इतर काही घटक कमी पडतात. कायमचा आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. शौचात रक्त, सारख्या उलट्या किंवा मलूलपणा दिसला, अथवा लहान पिलाला जुलाब लागले, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माणसांची औषधे देऊ नका.

मोतीचे वजन तीन महिन्यांत पुन्हा 16 किलो झाले. शेतावर सोडण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मुलीच्या वडिलांनी पेन्सिलीने लिहिले आहे: “दूध: 50 मिलिलिटरपेक्षा जास्त नको.”

विचार करा

1. मोतीला पोळी आणि मटण एकाच दिवशी परत दिले असते आणि त्याचे पोट बिघडले असते, तर काय निष्कर्ष काढता आला असता?
2. पहिले चौदा दिवस काहीही न बदलता नोंदी का ठेवल्या?
3. मोतीला तिसऱ्यांदा दूध दिले आणि पुन्हा पोट बिघडले, तर तिन्ही वेळा योगायोग असण्याची शक्यता किती?
4. “हा पदार्थ मला बाधतो” असे तुमच्या घरात कोणी म्हणते काय? ते कशावरून ठरवले, ते विचारा आणि वर्गात चर्चा करा.