साच्यातील विद्या

सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत येऊन पहाडगंज-करोलबागेकडे बिऱ्हाड थाटलेल्या मराठी घरांत, मुलाने प्लॅस्टिकच्या कारखान्यात शिरण्याची इच्छा बोलून दाखविली की आईवडिलांची मुद्रा चिंताक्रांत होते. कारण बवाना वा नरेल्यातील पत्र्याच्या छपराखाली यंत्रातून माल काढून घेणारा मजूर एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असते, आणि त्या यंत्रातील साचा ज्याने कल्पिला व पोलादात कोरला, त्याचे कसब व हुद्दा त्यांच्या खिजगणतीतही नसतात.

स्नानगृहातील बादली उलटी करून पाहावी. तळाच्या मधोमध जो बारीक ठिपका दिसतो, तेथूनच 200 अंशांहून अधिक तापलेला प्लॅस्टिकचा रस प्रचंड दाबाने साच्यात शिरलेला असतो. हेच इंजेक्शन मोल्डिंग, आणि मोटारीचा डॅशबोर्डही याच रीतीने घडतो. खाद्यतेलाच्या कॅनच्या तळाशी मात्र शिवणीसारखी रेघ आढळते, कारण तेथे वितळलेली पोकळ नळी साच्याच्या दोन अर्धांत चिमटून हवेने फुगविलेली असते. गच्चीवरील टाकी भट्टीत फिरणाऱ्या साच्यात भुकटी वितळवून होते, तर पाण्याचे पाइप एक्स्ट्रूजनने, म्हणजे वितळलेला रस साच्याच्या तोंडातून सलग ढकलून, निघतात.

परंतु खरी विद्या आहे ती आकुंचनाच्या हिशेबात. पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक थिजताना शंभर मिलिमीटरमागे एक ते दोन मिलिमीटर आक्रसते, एबीएस हे दुसरे प्लॅस्टिक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणून साच्यातील पोकळी इष्ट वस्तूहून नेमकी तेवढी मोठी कोरावी लागते, भिंतीची जाडी व थंड पाण्याच्या वाहिन्यांचे मार्ग आधीच ठरवावे लागतात, आणि पोलाद एकदा जास्त कोरले गेले की ते पूर्ववत करणे अतिशय दुष्कर. ज्या मुलाचे वा मुलीचे मन भूमितीत आणि रेखाचित्रात रमते, त्याच्या गुणपत्रिकेतील उणेपणाने पालकांनी नाहक धास्तावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही विद्या शिकविणाऱ्या, 1968 साली मद्रासला स्थापन झालेल्या सिपेट या केंद्र सरकारच्या संस्थेचे एक केंद्र सोनीपतजवळ मुरथल येथे आहे; महाराष्ट्रात परतू इच्छिणाऱ्यांसाठी छत्रपती संभाजीनगर व चंद्रपूर येथेही केंद्रे आहेत. दहावीनंतर तीन वर्षांच्या दोन पदविका संस्थेने ठेवल्या आहेत, एक प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची, दुसरी साचा तंत्रज्ञानाची. विज्ञानाच्या पदवीधरांसाठी पदव्युत्तर पदविकेचीही तरतूद आहे. मी साच्याच्या पदविकेला झुकते माप देईन.

अर्ज भरण्यापूर्वी मात्र फरीदाबादकडील एखाद्या टूलरूमच्या, म्हणजे साचे घडविणाऱ्या कार्यशाळेच्या, मालकाची परवानगी काढून मुलाला तेथे एक दिवस घेऊन जावे. हिऱ्याच्या बारीक लेपाने पोकळीचा पृष्ठभाग तासन्‌तास घासणारा कारागीर तेथे दिसेल. मुलगा त्याच्यापाशी किती वेळ आपण होऊन उभा राहतो, हे घड्याळात पाहावे.