दाताचा नंबर, बिलाचा आकडा

बाबू,

तू पाठवलेला बिलाचा फोटो पाहिला. रूट कॅनाल दोन लावले आहेत, कॅप एक. अन् तुझं म्हणणं असं, की काम एकाच दाढेचं झालं, कॅप तर अजून तोंडातच आली नाही. बाप्पा, आधी पाणी पी. भांडायला अकोल्याहून मी येतेच, पण त्याआधी एवढं वाचून काढ.

१. डॉक्टरांना लगेच लबाड म्हणू नको — काउंटरवरच्या पोट्ट्यानं आधीच्या पेशंटची ओळ तुझ्या नावाखाली टाकली असेल, अन् शिवी खाल्ल्यावर चूक कबूल करायला कोणाची जीभ वळत नाही.

२. बिलावर दाताचा नंबर आहे का ते पाहा. पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कोणता ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते — खालच्या डावीकडच्या पहिल्या मोठ्या दाढेचा नंबर ३६, उजवीकडच्या तिच्या जोडीदारणीचा ४६, अन् एका सिटिंगला ३६ अन् दुसऱ्या सिटिंगला चुकून ४६ लिहिलं, की एका दाढेच्या दोन होतात.

३. नंबर नसेल तर मागून घे: कोणत्या तारखेला, कोणत्या दातावर, काय केलं, किती लावले — नुसतं ‘ट्रीटमेंट चार्जेस’ लिहिलेल्या कागदाशी वाद तरी काय घालणार? कच्ची चिठ्ठी, पक्की कटकट.

४. रूट कॅनाल पूर्ण झालं की नाही ते एक्स-रे सांगतो. मुळांमध्ये गटापर्चा भरतात, तो एक्स-रेत पांढऱ्या रेघा होऊन दिसतो — पण घाई नको गा, मुळं साफ करून आत औषध ठेवलं असेल अन् भरायचं काम पुढच्या वेळी असेल, तर रेघ दिसणार नाही अन् डॉक्टर तरीही खरेच असतील.

५. आधीचा अन् नंतरचा, दोन्ही एक्स-रे मोबाईलवर मागून घे अन् मलाही पाठव — तुझा फोन वर्षातून एकदा तरी पाण्यात पडतो, हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे.

६. आता कॅप. दात घासून माप घेतलं का, ते नीट आठव. माप लॅबला गेलं असेल, कॅप तयार होऊन डब्यात पडली असेल अन् तूच तारखा चुकवल्या असशील, तर सगळे पैसे परत मागणं न्यायाचं नाही — ती कॅप तुझ्याच दाताच्या मापाची आहे, दुसऱ्या कोणाला बसत नाही. माप घेतलंच नसेल, तर मात्र ती ओळ बिलातून काढायला सांग. ‘पुढे लागणारच आहे’ हे कारण ॲडव्हान्सच्या पावतीला चालतं, झालेल्या कामाच्या बिलाला नाही.

७. वाद चालू आहे म्हणून दाढ तशीच ठेवू नको, अन् त्या बाजूनं फुटाणे तर मुळीच नको — रूट कॅनाल केलेली दाढ कमजोर झालेली असते, चिरली तर पैसेही जातील अन् दाढही.

८. कॅप बसेल तेव्हा ती कशाची आहे ते लिहून घे, अन् झिर्कोनियाची असली तर लॅबचं वॉरंटी कार्डही माग — बिलात झिर्कोनिया अन् तोंडात आतून धातूची, वरून पांढरं सिरॅमिक चढवलेली, असं झालं तर आरशात पाहून तुला कळणार नाही.

९. रूट कॅनालच्या बिलात जीएसटीची ओळ दिसली तर विचार — आजारावरचे उपचार या करातून मोकळे आहेत. दात नुसते पांढरे करून घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी.

१०. विचारायला संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नको, ओपीडी सुरू होण्याआधी जा. बोलायचं एवढंच: ‘सर, ही ओळ मला समजली नाही, फाईल काढून दाखवता का?’ — फाईल उघडली की अर्धं भांडण तिथंच मिटतं, कारण तारखा तिच्यात असतात.

११. ‘जुना केसपेपर सापडत नाही’ म्हणाले तर नम्रपणे आठवण दे — दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेप्रमाणे नोंदी उपचार सुरू झाल्यापासून निदान तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात.

१२. जे काम झालं त्याचे पैसे देऊन टाक, अन् पावतीवर ‘४६ नंबरचा दात वगळून’ असं लिहून घे — सगळंच बिल अडवलं, की बुडव्या तू ठरतोस.

हप्त्याचं वेगळं सांगते, कारण त्यात शिकलेली माणसंही फसतात. ‘बिनव्याजी ईएमआय’ म्हणजे डॉक्टरांनी दिलेली उधारी नव्हे, ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कंपनी दवाखान्याला रक्कम आधीच चुकती करते. काम अर्धं राहिलं, दवाखान्याला कुलूप लागलं, तरी हप्ता तुझ्याच खात्यातून कापला जातो.

१३. म्हणून रागारागात हप्ता थांबवू नको, दवाखान्याला अन् कंपनीला एकाच दिवशी लेखी कळव — सिबिल बिघडलं तर उद्या घराच्या कर्जाला तेच आडवं येईल. कंपनीनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टाळाटाळीचं दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीला १४४४८ हा नंबर आहे.

१४. काउंटरवर ओटीपी विचारला तर तो कशाचा आहे हे वाचल्याशिवाय सांगू नको — गाल बधीर असतो तेव्हा माणूस कशालाही मान हलवतो. दात भितो सुईले, खिशानं भ्यावं सहीले.

१५. समजूत पटली नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखव. तुझ्या अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं डेंटल कॉलेज आहे, इकडे अकोल्यात जमनालाल गोयनका डेंटल कॉलेज. तिथं ‘मले लुटलं का?’ असं विचारू नको. ‘३६ अन् ४६ मध्ये काय काम झालंय ते केसपेपरवर लिहून द्या’ एवढंच सांग — दुसऱ्या डॉक्टरची निंदा करायला कोणी तयार होत नाही, दिसलं ते लिहायला होतात.

१६. मग एक पानाचं पत्र: कोणती ओळ चूक, किती पैसे परत हवे, पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टानं पाठव अन् पोच जपून ठेव — जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलं, पोस्टाच्या खिडकीवर ते शोधत बसू नको.

१७. त्यानंतर १९१५ वर फोन कर, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतूनही बोलता येतं — पुष्कळदा तिथून विचारणा आली की दवाखान्यालाही फाईल सापडते.

१८. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलं आहे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, अन् आता दवाखाना अमरावतीत असला तरी तू अकोल्यात राहायला परत आलास तर तक्रार अकोल्यातही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जा — न्याय मागणाऱ्याची बाजू खरी असली तरी मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.

कायद्यात निकालाला साधारण तीन महिने लिहिले आहेत. आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ मध्ये पंच्याहत्तर किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला, तसल्या वेगाची आशा आयोगाकडून धरू नको. म्हणूनच म्हणते, पहिल्या दहा मुद्द्यांत मिटत असेल तर मिटव.

१९. डॉक्टरांच्या वागण्याबद्दलच गंभीर तक्रार असली तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे कर — पण तिथं वर्तनाचा विचार होतो, तुझे पैसे परत मिळवून देणं हे तिचं काम नाही.

२०. गूगलवर ‘चोर’ लिहायची खाज आली तर हात धुऊन ये — उद्या चूक कारकुनाची निघाली तर अब्रुनुकसानीची नोटीस तुझ्या पत्त्यावर येईल, अन् त्या डॉक्टरची सासू आमच्या भजनी मंडळात निघाली तर मंडळ मला सोडावं लागेल.

२१. पैसे परत मिळाले तरी उठू नको. दुरुस्त बिल घे, जुन्यावर ‘रद्द’ लिहून सही-शिक्का घे, अन् दोन्ही एकत्र टाच — ऑफिसात मेडिकलचं बिल लावताना दोन बिलं निघाली तर खुलासा तुलाच द्यावा लागेल, तिथं मी येणार नाही.