सज्जा कोणत्या अंगाचा?

समुद्रापासून दोन-अडीचशे मैल आत, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेल्या आमच्या मानवतला, जिथे मोंढ्यातील बोलणे कापसाच्या भावापासून सुरू होऊन पावसाच्या मानावर येऊन थांबते, तिथे जहाजावरील खोलीचा सज्जा डाव्या अंगाचा घ्यावा की उजव्या, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारील असे पूर्वी कोणास वाटले नसते. परंतु २०१८ साली ‘आंग्रिया’ ही मुंबई–गोवा जलपर्यटनाची बोट सुरू झाली, २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे त्याहून मोठे जहाज मुंबईहून सुटू लागले, आणि मानवत रोडला रात्रीच्या गाडीत बसून मुंबई गाठणाऱ्यांत या सफरीस निघालेली चार कुटुंबे दिसू लागली. सज्ज्याच्या खोलीचे भाडे खिडकीच्या खोलीहून बरेच अधिक असते. आयुष्यात एकदाच होणाऱ्या खर्चाचा हा प्रश्न असल्यामुळे आमच्या घरी जे घडले ते सांगणे मला अगत्याचे वाटते.

माझ्या सासूबाई मूळच्या देवगडच्या. सासऱ्यांच्या सरकारी नोकरीपायी त्यांची सारी हयात मराठवाड्यात गेली, तरी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत जाणारी, आणि बहुतेक ठिकाणी दूर उभी राहून उतारूंना पडावात उतरवून देणारी किनाऱ्याची आगबोट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. तोच किनारा पुन्हा एकवार समुद्रावरून पाहावा, एवढ्याच इच्छेसाठी आम्ही ही सफर ठरविली, आणि तो हेतू तिकिटाच्या दलालास स्पष्ट शब्दांत सांगितला. त्याने नकाशावर बोट ठेवून जबाब दिला की गोव्यास जाताना कोकण डाव्या हातास येते, तेव्हा डाव्या अंगाचा सज्जा घ्या. आणि त्यासाठी वाढीव रक्कमही घेतली. नकाशापुरते ते बोलणे खरे होते. पण जहाज किती वाजता कुठे असेल, किनाऱ्यापासून किती दूर असेल आणि परतीच्या वाटेवर तोच सज्जा कोणत्या दिशेस तोंड करील, या तीन गोष्टींचा त्याने उच्चारही केला नाही.

डिसेंबरात मुंबईस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि जहाज सुटते दुपार कलल्यावर. बॅलार्ड पिअरहून निघाल्यावर गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल, कुलाब्याच्या टोकापलीकडचा १८७५ सालचा प्राँग्स दीपस्तंभ आणि मागोमाग सूर्यास्त, हे सारे उजव्या अंगास राहिले. आमच्या वाट्यास उरणकडची धूसर बाजू आणि करंजाचा डोंगर आला. सासूबाई शाल लपेटून, मिठाने चिकट झालेल्या कठड्यावर हात ठेवून बसल्या होत्या. खांदेरी बेटावरचा दिवा डावीकडे लुकलुकू लागला, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यानंतर मात्र मासेमारी होड्यांच्या तुरळक बत्त्या सोडल्या तर काळोखाखेरीज काही नव्हते. ‘देवगडचो दिवो खंय दिसतलो?’ असे त्या आपल्या माहेरच्या बोलीत पुन्हा पुन्हा विचारीत होत्या. मध्यरात्र उलटली तरी त्या आत येईनात, आणि देवगडच्या अक्षांशावरून जहाज गेले ते भर अंधारात. परतताना जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उत्तरेकडे वळली, त्याबरोबर आमचा सज्जा पश्चिमेस मोकळ्या समुद्राकडे झाला आणि कोकण उजव्या अंगास गेले. मी त्यांना अखेर पहाटे वरच्या उघड्या मजल्यावर उजवीकडे नेले. तिथे उजाडताना अलिबागकडच्या डोंगरांची रेघ त्यांना दिसली. त्या जागेस वेगळे भाडे नव्हते.

म्हणून बाजू मुक्रर करण्यापूर्वी वेळापत्रक हाती घ्यावे आणि प्रत्येक प्रहरी नाळ कोणत्या दिशेस असेल ते त्यावर मांडावे. मुंबईहून गोव्याची वाट अगदी दक्षिणेस नव्हे, किंचित पूर्वेकडे झुकून जाते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेस मावळत असल्यामुळे जाताना तो उजव्या सज्ज्याच्या जवळजवळ समोर बुडतो. मे महिन्यात तो पश्चिमेच्या उत्तरेस सरकतो, म्हणजे उजव्या सज्ज्यातून मागील बाजूस जातो, आणि दोन सज्ज्यांमधील आडभिंत नेमकी त्याच्या आड येऊ शकते. परतीस सूर्यास्त डाव्या अंगास असतो आणि सकाळी मुंबईत शिरताना शहरही डावीकडेच येते. जाऊन येऊन एकाच खोलीत राहणाऱ्यास अशा रीतीने दोन्ही बाजूंचा वाटा मिळतोच. एकेरी प्रवास असेल तर मात्र निवड निर्णायक ठरते.

किनारा दिसण्याचा हिशेबही सोपा आहे. डोळ्याच्या उंचीचे मीटरांत वर्गमूळ काढून त्यास साडेतीनाने गुणले की क्षितिज किती किलोमीटरांवर आहे ते कळते. वीस मीटर उंचीवरील सज्ज्यातून ते सोळा किलोमीटरांच्या आसपास भरते. मोठी जहाजे खडक, उथळ पाणी आणि मासेमारीची जाळी टाळून दूरवरून जातात, त्यामुळे वाळूचा किनारा, माडबने आणि बंदरातील घरे क्षितिजाखाली राहतात. स्वच्छ हवेत दिसलाच तर उंच डोंगरमाथा दिसतो. ज्यास किनारा जवळून पाहायचा आहे त्याने मोठ्या जहाजाच्या सज्ज्यावर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदरातील देखाव्याचा कोणी शब्द दिला तर तोही मानू नये. मुरगाव बंदरात शिरताना टेकाड उजवीकडे आणि झुवारीच्या मुखापलीकडचा दोनापावलाचा भाग डावीकडे येतो, हे खरे. परंतु जहाज धक्क्यास कोणत्या अंगाने लावायचे हे वारा, भरती आणि बंदराचा पायलट ठरवितो. मुरगाव हे कोळसा आणि खनिज यांच्या चढउताराचेही बंदर आहे, तेव्हा धक्क्याकडील सज्ज्यातून यारी आणि ढीगच समोर येण्याचा संभव असतो. लक्षद्वीपास जहाज नांगरावर उभे असते आणि वारा-प्रवाहाबरोबर फिरते. तिथे डावे-उजवे हा भेदच उरत नाही.

बाजूचा खरा उपयोग उन्हाच्या बाबतीत होतो. विजेवर हवा गार करण्याची सोय नव्हती त्या काळी मुंबईहून विलायतेस जाणाऱ्यास उजव्या अंगाची खोली हितकर पडे, कारण अरबी समुद्रात दक्षिणेचे आणि तांबड्या समुद्रात दुपारनंतर पश्चिमेचे ऊन डाव्या अंगावर येई. देखाव्यासाठी मात्र बाजूवर फार भिस्त ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील आपली मराठी मंडळी अलास्कास जातात. व्हँकूव्हरहून उत्तरेस एकेरी जाताना मुख्य भूमी उजवीकडे राहते, तरी ग्लेशियर बेमध्ये हिमनदीसमोर जहाज सावकाश फिरवून दोन्ही बाजूंस दर्शन घडविण्याचा प्रघात आहे.

आता तिकिटाविषयी. सवलतीच्या काही तिकिटांत फक्त खोलीचा प्रकार ठरलेला असतो, क्रमांक कंपनी मागाहून देते. असे तिकीट घेतल्यावर बाजूची तक्रार चालत नाही. खोलीचा क्रमांक तिकिटावर लिहून घ्यावा आणि तो मजल्याच्या नकाशावर स्वतः शोधावा. नकाशात नाळ कुठे आहे हे आधी पाहावे, कारण सम क्रमांक एका अंगास आणि विषम दुसऱ्या अंगास ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी असली तरी कोणता क्रमांक कोणीकडे हे सर्व कंपन्यांत सारखे नसते. सज्ज्यासमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, डोक्यावर नाचगाण्याचे दालन नाही ना, याची खातरजमा त्याच वेळी करावी.

आणि बरोबर वृद्ध माणूस असेल तर बाजूचा विचार दुय्यम मानून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर, उद्वाहकाजवळची खोली मागावी. तिथे हेलकावा सर्वांत कमी लागतो, आणि सकाळ-संध्याकाळ ज्या अंगास पाहण्यासारखे असेल त्या अंगास उघड्या मजल्यावर त्यांना चार पावलांत नेता येते.