अनिकेत
आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९

आज भक्ताचं एक लक्षण आलंय, 'अनिकेत', म्हणजे ज्याला घर नाही असा. आमच्या जाफराबादहून कुणी परदेशी शिकवायला गेलं, की घरचे फोनवर आधी हेच विचारतात, "खोली मिळाली का?" त्यांना हा शब्द कसा पचायचा?

पण लगेच पुढे 'स्थिरमती' आहे, तो सोडू नका. माउली इथे वाऱ्याचा दाखला देतात. त्याचं बिऱ्हाड एका जागी नसतं. अशा भक्ताला मग सारं विश्वच घर वाटतं.

मला इथे पंडिता रमाबाई आठवतात. बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत गेलं, आईवडील दुष्काळात गेले. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला पोचल्या. तिथे ख्रिस्ती झाल्या, पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. परका देश, नवं बिऱ्हाड, तरी जेवण शाकाहारीच. ज्यांनी आसरा दिला त्या भगिनींशीही धर्माच्या प्रश्नावर मतभेद झाले. आसरा त्यांचा होता, तरी बाईंनी बुद्धीला पटेल तेच मानलं. मला ही स्थिरमती वाटते. गीतेच्या चिंतनात त्यांचं नाव काहींना खटकेल. खटकू द्या. १८८९ मध्ये त्यांनीच मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. स्वतः बिनघराची बाई, पण कितीजणींना घर दिलं!

आज १३ ते १९ श्लोक सलग वाचा. परगावी असाल तर सामान लावता लावता म्हणा, चालतं. उद्या अध्यायातला शेवटचा, विसावा श्लोक.