होडीचा सांधा कशाने जोडावा?



तुमच्या देणग्यांतून धरणाकाठच्या कातकरी कुटुंबांसाठी प्लायवूडच्या लहान होड्या बनतात. मांजरीतल्या बैठकीत मला हमखास विचारतात, ‘साधा फेविकॉल असताना महागडे इपॉक्सी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पैसा तुमचा आहे.

साधा पांढरा गोंद भिजला की मऊ पडतो. टेबलाला तो उत्तम. जाळे ओढताना होडीचा सांधा सुटला, तर मात्र माणूस पाण्यात जातो. रिसॉर्सिनॉल पाण्यात पक्के राहते, पण त्याला तंतोतंत बसलेला सांधा आणि करकचून आवळलेले क्लॅम्प लागतात. हातकरवतीने तसा सांधा रोज कुठून आणायचा? इपॉक्सी फटही भरून काढते. म्हणून आम्ही तेच घेतो.

हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घालावा. जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, उलट सांधा कच्चा राहतो. आधी पातळ हात द्यावा, मग लाकडाची बारीक पूड मिसळून घट्ट केलेले भरावे. क्लॅम्प बेतानेच, नाहीतर सगळे बाहेर पिळून येते. ओले लाकूड नको, म्हणून हे काम पावसाळ्याआधीच उरकावे. हातमोजे विसरू नयेत. वरून रंग हवाच. उन्हाने इपॉक्सी खराब होते.

नोहाच्या तारवाला आतबाहेर डांबर होते (उत्पत्ती 6:14), याची आठवण कोणीतरी करून देतेच! डांबर पाणी अडवते, फळ्या जोडत नाही.

प्रत्येक नव्या डब्यातून दोन तुकडे चिकटवून, पूर्ण वाळल्यावर आठवडाभर पाण्यात बुडवून आम्ही हातोडीने फोडतो. लाकूड फाटले तर डबा वापरतो. सांधा स्वच्छ सुटला तर परत करतो.