पट्टेदार प्रकाश, पण आधी तेल

जाळीचा पडदा दुमडला की दोन पदरांतून लाटांसारखी मोठी नक्षी उमटते. एकेरी जाळीत ती नसते. मॅट्स गुस्ताफसन यांनी हीच गंमत सूक्ष्मदर्शकात आणली. नमुन्यावर प्रकाशाचे बारीक पट्टे पाडायचे आणि लेन्सच्या आवाक्याबाहेरचा तपशील त्या नक्षीतून गणिताने सोडवायचा. २००८ साली त्यांच्या गटाने तीन शलाकांच्या व्यतिकरणाने हे पट्टे खोलीच्या दिशेनेही पाडले. हेच थ्रीडी-सिम, म्हणजे त्रिमितीय स्ट्रक्चर्ड इल्युमिनेशन मायक्रोस्कोपी. एरवी आडवे सुमारे २५० नॅनोमीटर असणारे विभेदन त्यात निम्म्यावर येते, उभ्या दिशेतही जवळपास दुप्पट सुधारते.

मात्र गणित सुरू होण्याआधीच निम्मा खेळ संपलेला असतो. पेशी स्लाइडवर नव्हे, थेट कव्हरस्लिपवर वाढवा, आणि ती कव्हरस्लिप ०.१७ मिमी जाडीची, नेमक्या मापाची घ्या.

मग लेन्स आणि कव्हरस्लिप यांच्यामधले तेल. इथे घाई नको. १०० नॅनोमीटरचे चमकणारे मणी ठेवा आणि फोकस वर-खाली करा. मण्याभोवतीची वलये फोकसच्या दोन्हीकडे सारखी पसरली तर तेल योग्य. एकाच बाजूला पसरली तर बाटली बदला: १.५१२, १.५१४, १.५१६, असे अपवर्तनांक बदलत पाहा. नमुन्यात खोलवर पाहायचे तर अपवर्तनांक थोडा जास्त लागतो. खोली तापली की तोच आकडा उतरतो, म्हणून एसी आधीच लावून ठेवा. मणी जुळले म्हणून नमुना जुळेलच असे नाही. शेवटचा निकाल नमुन्यावरच लावा.

दर थराला पट्ट्यांचे ३ कोन आणि प्रत्येक कोनात ५ स्थिती, म्हणजे १५ चित्रे. थर १२५ नॅनोमीटरचा धरला तर ८ मायक्रोमीटर उंचीच्या पेशीला एका रंगात ९६० चित्रे होतात! लवकर विटणारा रंग इतका तग धरत नाही. टिकाऊ रंग निवडा, आणि अनेक रंग असतील तर लांब तरंगलांबीचा आधी टिपा.

कच्च्या चित्रात पट्टे डोळ्यांना दिसायला हवेत. ते पुसट असतील तर पुढे जाऊ नका. फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधले सिमचेक हीच तपासणी आकड्यांत करून देते. तयार चित्रात मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली तर ती बहुधा पेशीची रचना नसून गोंगाट असतो. चित्र सोडवतानाच्या वीनर फिल्टरचा आकडा वाढवला की ती दबते, पण थोडा बारकावाही जातो. शंका आली की दर थराची ती पंधरा चित्रे बेरजेने एकत्र करून साधे चित्र शेजारी ठेवा. तिथे मागमूसही नसलेला धागा सिमच्या चित्रात दिसत असेल, तर तो शोधनिबंधात घालू नका.

ऊतीचा जाड काप असेल तर या यंत्रावर वेळ दवडू नका, तो कन्फोकल सूक्ष्मदर्शकावर न्या.